मेट्रोपोलिस (२००१): रोबो फोडणारी माणसं

रातकिडा

(स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या, धागा कुठे पळून जात नाही.)

जपानी ॲनिमेशनचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा घिबली स्टुडिओपाशी सुरू होतात आणि घिबलीपाशीच संपतात. म्हणून मुद्दाम हा धागा. 'मेट्रोपोलिस', २००१. दिग्दर्शक रिन्तारो, पटकथा कात्सुहिरो ओतोमो (होय, तेच 'अकिरा'वाले), निर्मिती मॅडहाउस स्टुडिओची आणि मुळात ओसामू तेझुकांचा १९४९ सालचा मांगा (जपानी चित्रकथा). एवढी मोठी नावं असूनही रोबोंच्या सिनेमांच्या याद्या निघतात तेव्हा याचं नाव कुणी घेत नाही.

कथा थोडक्यात. मेट्रोपोलिस नावाच्या महानगरात झिगुरात नावाचा आभाळाला टेकणारा मनोरा बांधून पुरा झालाय आणि शहरभर जल्लोष चाललाय. मनोऱ्यामागचा माणूस ड्यूक रेड. त्याने डॉक्टर लॉटन या फरारी शास्त्रज्ञाकडून आपल्या मेलेल्या मुलीच्या चेहऱ्याची एक यंत्रकन्या गुपचूप बनवून घेतली आहे, टिमा. तिला मनोऱ्यातल्या सिंहासनावर बसवायचं आणि तिच्याकरवी जग मुठीत ठेवायचं, असा सगळा बेत. ड्यूकचा दत्तक मुलगा रॉक याला हे खपत नाही. त्या जागी बसायचं तर आपल्या बापाने, यंत्राने नव्हे! तो लॉटनला गोळी घालतो, प्रयोगशाळा पेटवतो. त्याच सुमारास लॉटनला पकडायला जपानहून आलेले गुप्तहेर शुन्साकु बान आणि त्यांचा भाचा केनिची तिथे पोचतात. आगीतून वाचलेली टिमा केनिचीच्या सोबतीला येते. ती यंत्र आहे हे ना त्याला ठाऊक, ना तिला.

इथवर ऐकून 'माणूस व्हायला निघालेली रोबो पोरगी' असा नेहमीचा मामला वाटेल. मला मात्र टिमापेक्षा बाकीची यंत्रं जास्त छळतात.

शहर थरांत बांधलंय. वर झगमगाट. खाली झोन १, तिथे काम गमावलेली माणसं राहतात. त्याखाली वीजकेंद्रं आणि सगळ्यात तळाला सांडपाणी. रोबोला नेमून दिलेला थर परवानगीवाचून सोडता येत नाही. सोडला तर रॉकची मार्दुक नावाची टोळी त्याला जागच्या जागी उडवते. सुरुवातीच्या जल्लोषातच भर गर्दीत एक भरकटलेला रोबो असा मारला जातो, आणि गर्दी लगेच पुन्हा नाचगाण्याला लागते. तळातला कचरा गोळा करणारा फिफी नावाचा रोबो आहे. त्याला बोलता येत नाही, नुसते आवाज काढतो. केनिची-टिमाला वाचवताना तोही संपतो.

आणि पेरो. बानसोबत द्यायला पोलिसांकडे माणूस शिल्लक नाही, म्हणून एक गुप्तहेर-रोबो देतात. नाव विचारल्यावर तो गाडीच्या चासी नंबरसारखा लांबलचक क्रमांक म्हणून दाखवतो. बान वैतागून त्याला आपल्या जुन्या कुत्र्याचं नाव देऊन टाकतात. पुढे झोन १ मधले बेकार लोक ॲटलस नावाच्या तरुणाच्या मागे बंड करून उठतात. रोबोंनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या हा त्यांचा राग, आणि तो खोटा नाही. पेरो वाटेत उभा राहून समजावू बघतो. बंडखोर त्याला तिथेच फोडतात. बंडाला फूस असते थेट राष्ट्राध्यक्ष बूनच्या गोटाची, ड्यूकचा काटा काढायला. ऐनवेळी बूनचीच माणसं फिरतात, बून मारला जातो, लष्करी कायदा लागतो आणि ॲटलसची माणसं बर्फात पडलेली दिसतात.

ज्यांनी रोबो आणले, ज्यांनी माणसं काढली, त्यांच्यापर्यंत तळातल्या माणसाचा हात अख्ख्या सिनेमात एकदाही पोचत नाही. हाताला लागतो तो रोबो. माझ्या मते सिनेमाचा गाभा हा आहे, टिमाचे निळे डोळे नव्हेत. तुम्हाला काय वाटतं?

कडूजहर

पहिला! हा त्या जर्मन मूकपटाचा रिमेक ना? फ्रिट्झ लांगचा, १९२७ चा?

रातकिडा

@कडूजहर, रिमेक नाही. तेझुकांनी स्वतः सांगून ठेवलंय की मांगा काढला तेव्हा त्यांनी लांगचा सिनेमा पाहिलेला नव्हता. एका मासिकात त्यातलं एक छायाचित्र पाहिलं होतं, यंत्रस्त्री जन्माला येते त्या प्रसंगाचं. तेवढ्यावर गोष्ट रचली. मांगात टिमा नाहीच, तिथे मिची नावाचं कृत्रिम पेशींतून घडवलेलं मूल आहे, घशातली कळ दाबली की मुलग्याचं मुलगी होणारं. गंमत अशी की लांगच्या जवळ जातो तो रिन्तारोंचा सिनेमा. वर श्रीमंत आणि खाली गाडलेले कामकरी ही मांडणी तिथलीच आहे.

निळी_छत्री

धागा आवडला. आम्ही ओसाकात राहतो म्हणून थोडी भर घालते. तेझुका इथलेच. जन्म १९२८ चा, ओसाका प्रांतातल्या तोयोनाकाचा, लहानपण जवळच्या ताकाराझुका गावात. हान्क्यू रेल्वेने गेलं की स्टेशनपासून चालत जाण्यासारखं त्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं, दारात त्यांच्या मांगातल्या अग्निपक्ष्याची मूर्ती. त्याच गावात ताकाराझुकाचं ते प्रसिद्ध संगीत नाटक मंडळ आहे, जिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. तेझुका लहानपणापासून आईबरोबर ते प्रयोग पाहत. मुलगा-मुलगी दोन्ही असणारी मिची वाचली की मला तो रंगमंचच दिसतो. सिनेमात तिची निव्वळ मुलगी करून टाकली, ते मला पटलेलं नाही. मिची जास्त विचित्र होती आणि म्हणून जास्त आपली वाटत होती.

बाकी तेझुका शिकलेले डॉक्टर, पण आयुष्यभर चित्रंच काढली. त्यांचा आटम (मांगातला रोबो-मुलगा, बाहेर 'ॲस्ट्रो बॉय' म्हणतात तो) म्हणजे इथे घरातलाच मुलगा. मांगात त्याचा जन्म ७ एप्रिल २००३ चा दाखवलाय, म्हणून त्या वर्षी इथे त्याचा वाढदिवस झाला. तोक्योच्या ताकादानोबाबा स्टेशनात गाडी सुटताना त्याच्या गाण्याची धून वाजते, कारण गोष्टीत तो तिथे घडवला गेला.

कडूजहर

आपल्याकडे दादरला गाडी सुटताना फक्त धक्के मिळतात. असो. वाचतोय.

चाकणकर

एरवी नुसता वाचणारा आहे, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा पाहिलेला नव्हता, धागा वाचून काल रात्री पाहिला.

मी गाड्यांच्या बॉडी वेल्डिंगच्या लाइनवर मेंटेनन्सला आहे. कंपनीचं नाव घेत नाही. मध्यंतरी एका स्टेशनवर हाताने स्पॉट वेल्ड मारणारी पोरं कमी करून रोबो बसवले. सगळी पोरं कंत्राटी, त्यामुळे नोटीस वगैरे काही भानगड नाही. 'सोमवारपासून येऊ नका', एवढंच. शेवटच्या शिफ्टला त्यातल्या एकाने निघताना कुंपणाच्या जाळीवर पाना आपटला, दोनतीनदा, पूर्ण ताकदीने. आतला रोबो आपला स्पॉट मारतोय, पुढच्या पॅनलवर जातोय, परत येतोय. जाळी ठोकून त्याला काही होत नाही. दार उघडलं तर सुरक्षेचा इंटरलॉक तुटतो आणि रोबो थांबतो. दार उघडायचं त्या पोराच्या मनात आलं नसावं, किंवा आलं असेल तरी त्याने ते केलं नाही. ज्यांनी कागदावर सही केली ते वरच्या मजल्यावर होते. तिथून लाइन काचेतून दिसते, पण आवाज पोचत नाही.

रातकिडा म्हणतात ते मला पेरोच्या प्रसंगात शंभर टक्के दिसलं.

रातकिडा

@चाकणकर, लिहीत राहा हो. एवढे दिवस नुसते वाचत होतात?

अर्धा_चहा

चाकणकरांचा प्रतिसाद चांगला आहे, पण दुसरी बाजू कुणीतरी सांगायला हवी. माझे वडील हातानेच वेल्डिंग करायचे. डोळे गेले, पाठ गेली, धूर खाऊन छाती गेली. ते काम यंत्राकडे गेलं याचं मला दुःख नाही. सिनेमातले रोबोही बघा, सांडपाण्यात आणि कचऱ्यातच घातलेत. ते काम परत माणसाला द्यायचं का?

चाकणकर

@अर्धा_चहा, अजिबात नाही. मी स्वतः टीच पेंडंट हातात घेऊन रोबोला पॉइंट शिकवतो, मला त्याच्याविरुद्ध काय बोलायचंय? आमचे एक जुने फिटर तर लाइन सुरू करताना त्याच्या हातावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारतात. प्रश्न पोरांच्या सोमवारचा आहे. रोबो आला म्हणून पोरगा बेकार होत नाही. त्याला दुसरीकडे टाकायचं नाही असं कुणीतरी ठरवतं म्हणून तो बेकार होतो.

निळी_छत्री

चाकणकर, याला जपानचाच दाखला आहे. कावासाकीने अमेरिकन परवान्यावर इथला पहिला औद्योगिक रोबो १९६९ साली काढला, आणि १९८० ला तर इथे 'रोबो-प्रसाराचं पहिलं वर्ष' म्हणतात. त्या काळात मोटार कारखान्यांतले कामगार रोबोंना लाडक्या गायिकांची नावं द्यायचे. मोठ्या कारखान्यांत नोकरी कायमची, रोबो आला तर माणसाला दुसऱ्या कामावर घालायचे, काढायचे नाहीत. मग राग कशाला येईल? 'जपानी लोकांना रोबो आवडतात, कारण त्यांचा धर्म निर्जीवातही जीव पाहतो' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. धर्माचा भाग असेलही थोडा. पगार चालू राहिला हे मोठं कारण आहे, पण ते लिहायला तेवढं छान वाटत नाही.

रातकिडा

निळी_छत्री, लाख बोललात. यावरून एक फरक सांगतो, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४९ च्या मांगात बंड करतात ते रोबो. ड्यूक रेडचे गुलाम रोबो मिचीच्या मागे उभे राहून शहरावर चालून येतात. सिनेमात बंड करतात ती माणसं, बेकार माणसं. हे ओतोमो-रिन्तारोंनी घातलं. का घातलं? सिनेमा तिथे लागला २६ मे २००१ ला. तिथला आर्थिक फुगा फुटून दहा वर्षं झालेली, कायमच्या नोकऱ्या म्हणवणाऱ्या कंपन्याही माणसं कमी करू लागलेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानचा बेकारीचा दर ५ टक्क्यांवर गेला, १९५३ पासूनच्या नोंदींत पहिल्यांदाच. प्रेक्षकांतल्या कित्येकांच्या घरात ॲटलस बसलेला असणार.

सिंहगडवारी

वाद घालायलाच आलोय. सिनेमा दिसायला देखणा, आत पोकळ. केनिची आणि टिमा एकमेकांना भेटतात, पळतात, पळतात, परत पळतात. दोघांत धड संभाषण किती आहे? शेवटी ती त्याचा हात सोडून खाली पडते तेव्हा मला रडू यायला हवं होतं, मी मात्र मागच्या भिंतीवरची नक्षी बघत होतो. शहर इतकं बारकाईने काढलंय की माणसं त्यापुढे किरकोळ वाटतात. गोल नाकाची, बटबटीत डोळ्यांची तेझुका छापाची पात्रं आणि संगणकावर केलेलं झगझगीत शहर, हे दोन वेगळ्या सिनेमांतून कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

आणि रातकिडा, तुमचा सिद्धांत चांगला आहे, पण बंडाला सिनेमा फार वेळ देत नाही. तुम्ही बर्फातल्या प्रेतांवर धागा काढलाय, दिग्दर्शकाने सिनेमा मनोऱ्यावर काढलाय.

रातकिडा

@सिंहगडवारी, केनिची-टिमाचं नातं पातळ आहे, मान्य. पण चिकटवल्याचा मुद्दा मान्य नाही. पन्नाशीच्या दशकातल्या मुलांच्या चित्रांतली माणसं, त्यांना न पेलणाऱ्या शहरात. ती तिथे बसत नाहीत हेच तर दाखवायचंय. रिन्तारो स्वतः १९६३ च्या आटम मालिकेवर तेझुकांच्या हाताखाली काम केलेले, त्यांना पात्रं 'आधुनिक' करायला कुणी अडवलं नव्हतं. आणि मनोऱ्याची उंची कळायला तळ दाखवावाच लागतो.

मंद्रसप्तक

गाण्यावर कुणीच कसं बोललं नाही? अख्ख्या सिनेमाला तोशियुकी होंडांचं संगीत आहे, न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचं जुनं जॅझ, भविष्यातल्या शहराला मुद्दाम भूतकाळातलं. आणि शेवटी मनोरा कोसळतो तेव्हा रे चार्ल्सचं १९६२ चं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू'! पोलाद वितळतंय, मजलेच्या मजले उडताहेत, आणि वर तो मखमली आवाज आणि कोरस. मी उभा राहिलो होतो घरात.

सिंहगडवारी

मला ते दिग्दर्शक कुब्रिकची उसनवारी वाटली. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'च्या शेवटी अणुस्फोटांवर असंच गोड जुनं गाणं आहे, १९६४ चं उदाहरण.

मंद्रसप्तक

तिथे गाणं टिंगल करतं. इथे टिंगल नाही. इथे ते रॉकचं गाणं आहे. तो स्फोट कोण घडवतं ते आठवा. ड्यूक यंत्रांच्या तावडीत सापडलाय, आणि ज्या बापाने 'तू माझा मुलगा नाहीस' म्हणून लाथाडलं, त्याच बापाला असल्या यंत्रांच्या हातून मरू द्यायचं नाही म्हणून रॉक स्वतःसकट सगळं उडवतो. गाणं कुणावर प्रेम थांबवता येत नाही त्याबद्दल आहे. आता परत ऐका.

शेवग्याची_शेंग

अरे बाप रे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आजवर ते टिमा-केनिचीचं गाणं समजत होते.

मला एक विचारायचंय. टिमा सिंहासनावर बसते आणि माणसांचा निकाल लावायला निघते. ते तिचं स्वतःचं मत असतं की त्या खुर्चीचं? रॉकने गोळी घातल्यावर आतल्या तारा दिसतात आणि तिला पहिल्यांदा कळतं की आपण कोण. मग लगेच ती उठून तिकडे जाते. एवढ्या थोड्या वेळात एवढा द्वेष?

अर्धा_चहा

खुर्चीचंच. तिला त्याच कामासाठी बनवलंय. एकदा जोडली गेली की केनिचीला ओळखतही नाही. बंदूक चालली तर आपण बंदुकीचं मत विचारतो का?

शेवग्याची_शेंग

पण मग ती कारण का देते? माणसांनी रोबोंना कसं वागवलं त्याचा हिशेब मांडते. ड्यूकने असा हिशेब तिच्यात भरून ठेवला असेल का? त्याला तर जग हवं होतं, जळलेलं जग नको होतं. तिने फिफी पाहिलाय, तळातलं सगळं पाहिलंय. मला वाटतं राग तिचा आहे, फक्त एवढी ताकद तिच्या हाती द्यायचं काम ड्यूकने केलं.

चाकणकर

शेंगताईंशी सहमत. ॲटलसच्या हातात बंदूक होती, तिच्या हातात मनोरा. राग एकाच जातीचा. फरक एवढाच की तिचा वरपर्यंत पोचला, आणि पोचला तो सगळ्यांनाच घेऊन.

सिंहगडवारी

मला वाटतं पटकथेला स्फोट हवा होता. पण तुमचं वाचून परत बघायला बसणार आहे, त्यामुळे शिव्या घाला.

निळी_छत्री

शेवटी ढिगाऱ्यातून टिमाचे तुकडे गोळा होतात, त्यावरून आठवलं. सोनीचा आयबो नावाचा कुत्रा-रोबो १९९९ साली आला होता. २०१४ मध्ये त्याची दुरुस्ती कंपनीने बंद केली. मग जुन्या तंत्रज्ञांनी बंद पडलेल्या आयबोंचे भाग काढून दुसऱ्यांना बसवायला सुरुवात केली. पण भाग काढण्याआधी चिबा प्रांतात इसुमी इथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांचे रीतसर अंत्यविधी होऊ लागले, २०१५ पासून. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, कुठून आला, कुणाच्या घरचा. हसू नका, मालकिणी रडत असतात.

कडूजहर

हसत नाहीये. आमचा जुना मिक्सर भंगारात देताना आईपण रडली होती.

आठवणीतला_पाऊस

माझी मुलगी तिसरीत आहे. रोबो म्हटलं की तिच्यासाठी डोरेमॉन, खिशातून वस्तू काढणारा. तिला हा दाखवू का? चित्रं तर लहान मुलांसारखीच दिसताहेत.

रातकिडा

@आठवणीतला_पाऊस, चित्रांवर जाऊ नका. गोळ्या लागतात, माणसं मरतात, टिमाचा अर्धा चेहरा उघडा पडतो ते मोठ्यांनाही बघवत नाही. थोडी वर्षं थांबा. तोवर आटम दाखवा, पण त्याच्या जन्माची गोष्ट आधी तुम्ही एकट्याने पाहा. मेलेल्या मुलाच्या जागी बापाने रोबो बनवला, तो वाढत नाही म्हणून सर्कशीला विकून टाकला. तेझुका लहान मुलांना काहीही सांगायचे.

शेवग्याची_शेंग

नव्याने बघणाऱ्यांसाठी: श्रेयनामावली चालू झाली की उठू नका. अगदी शेवटी एक स्थिर चित्र येतं, केनिची आणि टिमाच्या नावाचं रोबोंचं दुकान. म्हणजे त्याने तिला परत जोडलं, असं धरायला जागा आहे.

सिंहगडवारी

ते चित्र मला अजिबात आवडलेलं नाही. एवढी पडझड दाखवून शेवटी खाऊ हातावर ठेवल्यासारखं.

कडूजहर

मला आवडलं. पोरगं धंद्याला लागलं! मराठी असतं तर नोकरी शोधत बसलं असतं.

चाकणकर

कडूभाऊ, शोधणार कुठे? सोमवारपासून येऊ नका म्हणालेत.